अब्बांची कॅसेट ऐकायची कशी? आणि फोनमधले आवाज टिकणार किती दिवस?

बिस्किटांचा तो निळा, गोल पत्र्याचा डबा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असतो. आखातातून कोणी आलं की तो यायचा, बिस्किटं दोन दिवसांत संपायची आणि पुढची तीस वर्षं त्यात सुई-दोरा, बटणं आणि जुनी बिलं राहायची. यंदा रमजानच्या आधी दापोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराची साफसफाई करताना माळ्यावर असाच एक डबा सापडला. उघडला तर आत तीन कॅसेट. एकीवर अब्बांच्या अक्षरात उर्दूत लिहिलेलं, "कुवेत, १९८८". दुसरीवर फक्त "घरी". तिसरीवर काहीच नाही.

माझ्या मुलाने एक कॅसेट हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "याला चार्जर कुठे लावायचा?"

अब्बांचा इंतकाल होऊन आठ वर्षं झाली. फोटो भरपूर आहेत, आवाज मात्र आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. ते गेले तेव्हा त्यांच्याकडे चांगला स्मार्टफोन होता. त्याचा पिन कोणाला माहीत नव्हता, म्हणून दुकानदाराने फोन फॉरमॅट करून दिला आणि तो पुढे घरातल्या एका पोराने वापरला. त्यांनी माझ्या भावाला शारजाला कितीतरी व्हॉइस मेसेज पाठवले होते. भावाने तेव्हापासून तीन फोन बदलले. म्हणजे २०१५-१६ चा आवाज गेला आणि १९८८ चा आवाज माळ्यावर, उंदरांच्या शेजारी, शाबूत राहिला. हे असं का झालं आणि अशा कॅसेट तुमच्याही घरी असतील तर काय करायचं, ते आज जरा सविस्तर सांगतो.

खत वाचायला तिसरा माणूस

सत्तरच्या दशकापासून रत्नागिरी-रायगडच्या गावांमधून घराघरातला एक तरी पुरुष कुवेत, सौदी, दुबई, कतार इथे गेला. मागे राहिली म्हातारी आई, बायको आणि मुलं. संपर्क फक्त खताचा. आता त्यातली गंमत पाहा. आमच्या घरात बोलायची ती कोकणी बोली, खत लिहायचं ते मात्र उर्दूत. दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून खत आलं की मदरशात जाणारा मी, दहा वर्षांचा, ओसरीवर बसून ते मोठ्याने वाचायचो. समोर दादी, बाजूला चाची, दाराआड अम्मी. अशा खतात नवरा बायकोला काय लिहिणार? "बाकी सब खैरियत है." आठ वर्षं माझ्या आईच्या वाट्याला बहुतेक तेवढंच आलं.

कॅसेटने हे बदललं. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ही छोटी कॅसेट बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडली. आखातातून पहिल्या सुट्टीवर येणारा माणूस टू-इन-वन घेऊन यायचा, ते याच शोधामुळे. रेडिओ आणि टेप एकत्र, वर लाल रंगाचं रेकॉर्डचं बटण. एक सेट गावात, एक तिकडच्या खोलीत. इशाच्या नमाजनंतर अब्बा बोलायला बसायचे. खोलीत सहा माणसं, वर पंखा, कोणी खोकतंय, कोणी भांडी घासतंय. कॅसेट पोस्टाने क्वचितच यायची. सुट्टीवर निघालेल्या बाजूच्या गावच्या माणसाच्या बॅगेतून ती यायची आणि तशीच परत जायची.

दादी टेपसमोर बसली की तिला तो टेप वाटतच नसे. "ऐकतोस ना?" असं विचारून ती खरंच थांबायची, उत्तराची वाट बघत. मग आम्ही हसायचो आणि ते हसूही रेकॉर्ड व्हायचं.

पण यात एक मोठा तोटा होता. कोरी चांगली कॅसेट स्वस्त नव्हती. त्यामुळे अब्बांचं बोलणं दोन-चार वेळा ऐकून झालं की त्याच कॅसेटवर आमचं बोलणं भरून ती परत पाठवायची. टेपरेकॉर्डरमध्ये नवीन आवाज भरण्याआधी जुना पुसणारा एक वेगळा भाग असतो. लाल बटण दाबलं की आधी तो काम करतो. म्हणजे प्रत्येक उत्तर देताना आपण आलेलं खत स्वतःच्या हाताने मिटवत होतो. त्या काळच्या कॅसेट आज इतक्या कमी सापडतात त्याचं एक मोठं कारण हे आहे.

दुसरं कारण इतिहासाचं. २ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. तिथले लाखाहून अधिक भारतीय जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी परत आले, त्यात अब्बाही होते. हातात एक पिशवी, अंगावर चार दिवसांचे कपडे. दोन वर्षांत आम्ही पाठवलेल्या कॅसेट त्या खोलीतच राहिल्या. दादीचा आवाज होता तो त्यातच. ती १९९४ ला गेली.

मधला काळ

मधला काळ पटकन सांगतो, कारण त्यातलं आज काहीच शिल्लक नाही. शेजाऱ्याचा फोन नंबर "पीपी" म्हणून द्यायचा. मग एसटीडी-पीसीओचं बूथ आलं. काचेचा दरवाजा, डोक्यावर लाल आकड्यांचा मीटर. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, तेव्हा रांग लागायची. तिकडून फोन येणार असला की बूथवाल्याचा पोरगा सायकलवरून बोलवायला यायचा आणि अम्मी दुपट्टा सावरत धावायची. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला, कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना केला होता. पण सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर आणि येणाऱ्या फोनलाही पैसे, त्यामुळे आपल्याकडे तो आला तो २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाल्यावर. मग मिस्ड कॉलचं युग. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे फोन कर. त्या सगळ्या वीस वर्षांत आपण सर्वात जास्त बोललो आणि त्यातलं एक वाक्यही कुठे साठलं नाही. टेलिफोन आवाज पोहोचवतो, ठेवत नाही.

२०१३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज सुरू झाला आणि कॅसेटचं खत परत आलं. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल चालू दिलेले नाहीत, मेसेज मात्र चालतात. म्हणून तिथे असलेल्यांचं बायको-मुलांशी बोलणं आजही मोठ्या प्रमाणात व्हॉइस मेसेजवर होतं. अम्मी भावाला पाठवते ते मेसेज मी बाजूला बसून ऐकलेत. "ऐकतोस ना?" म्हणते आणि थांबते. तीही.

कॅसेटमध्ये आवाज असतो कसा

कॅसेट उघडली तर आत प्लास्टिकची एक पातळ पट्टी असते, साधारण पावणेचार मिलिमीटर रुंद. तिच्यावर एका बाजूने लोहाच्या गंजासारख्या बारीक कणांचा तपकिरी थर असतो. हे कण म्हणजे अगदी छोटी चुंबकं. पट्टी सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या वेगाने हेडसमोरून सरकते आणि आवाजाच्या चढउतारानुसार त्या कणांची चुंबकीय दिशा ठरते. ऐकताना उलटं होतं, कणांमुळे हेडमध्ये वीज निर्माण होते आणि तिचा आवाज बनतो. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी जवळजवळ ९० मीटर पट्टी असते. ९० मिनिटांच्या कॅसेटची पट्टी अधिक पातळ, म्हणून ती जास्त अडकते.

तो आवाज कोणत्याही कंपनीच्या हातात नसतो, पासवर्ड लागत नाही, कोणी सेवा बंद केली तरी फरक पडत नाही. तो तुमच्या डब्यात असतो. शत्रू तीनच: उष्णता, चुंबक आणि आपल्या कोकणातली ओल. ओलीमुळे बुरशी येते आणि थर चिकट होतो. आमचा डबा घट्ट झाकणाचा होता, एवढंच नशीब.

घरी करायचं काय

आधी मी केलेली चूक सांगतो. मामूंच्या घरी एक जुना टेप होता, चालू होता. उत्साहात मी "घरी" लिहिलेली कॅसेट त्यात घातली आणि टेपने ती खाल्ली. रीळ बाहेर आलं, चुरगळलं. पेन्सिलने हळूहळू गुंडाळून परत आत घेतलं, पण जिथे घडी पडली तिथला आवाज आता कायमचा डळमळतो. तेव्हा पहिली गोष्ट ही की अनोळखी मशीनमध्ये मौल्यवान कॅसेट कधीही घालू नका. आधी एखादी फालतू कॅसेट, जुनी गाण्यांची, पूर्ण वाजवून बघा.

त्याच्याही आधी कॅसेटच्या पाठीच्या कडेला असलेले दोन छोटे प्लास्टिकचे खिळे पाहा. ते शाबूत असतील तर तोडून टाका. ते तुटलेले असले की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही आणि चुकून काही पुसलं जाण्याची भीती राहत नाही. त्या जागी कोणी चिकटपट्टी लावलेली असेल तर ती काढा. आपल्या लोकांनी ती लावली असण्याची शक्यता बरीच आहे, कॅसेट पुन्हा वापरायची असायची ना.

मग खिडकीतून आतलं रीळ उजेडात बघा. पांढरी पूड किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट वाजवायची नाही. बुरशी मशीनमध्ये पसरते आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. मसाल्यासारखी उन्हातही ठेवायची नाही, उन्हाने प्लास्टिक वाकतं आणि पट्टी ताणली जाते. ती कोरड्या पिशवीत वेगळी ठेवा आणि कॅसेट दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे द्या. आमची तिसरी, काहीच न लिहिलेली, अशीच निघाली. ती मुंबईत एका कारागिराकडे आहे, अजून उत्तर नाही.

कॅसेट स्वच्छ असेल तर एकदा न वाजवता शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे करून घ्या. वर्षानुवर्षं एका जागी चिकटून राहिलेले पदर त्याने मोकळे होतात. टेपचं हेड कापसाच्या काडीने पुसा, मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए त्यासाठी चालतं. पूर्ण सुकू द्या. आवाज अगदी दबका येत असेल तर कॅसेटच्या मधल्या उघड्या भागात पत्र्याच्या पट्टीवर नमद्याचा एक छोटा तुकडा असतो तो पडला का ते बघा. पडला असला तरी घाबरायचं कारण नाही. रीळ दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात घालता येतं, स्क्रूवाली कॅसेट असेल तर ते घरीही जमतं.

संगणकात आवाज घ्यायला यूएसबीचे छोटे कॅसेट प्लेयर ऑनलाइन मिळतात. दर्जा फार मोठा नसतो, पण बोलण्यासाठी पुरतो. चांगला जुना डेक आणि एक वायर मिळाली तर उत्तमच. संगणकावर ऑडॅसिटी नावाचा मोफत प्रोग्राम घ्या. यात घाई चालत नाही, साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटंच लागतात. फाईल आधी वेव्ह प्रकारात ठेवा. एका तासाला साधारण सहाशे एमबी जागा जाते, जाऊ दे. पाठवायला त्यावरून एमपीथ्री काढता येते. आणि कोणी सांगेल की खरखर, पंख्याचा आवाज साफ करून देतो, तर प्रतीवर करा, मूळ फाईलला हात लावू नका. त्या खोलीतला खोकलाही कोणाचा तरी अब्बाच होता.

आणि फोनमधले आवाज

व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज एकदा पोहोचला की कंपनी तो आपल्याकडे सांभाळून ठेवत नाही. तो तुमच्या फोनमध्ये असतो. अँड्रॉइड फोनचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो आणि आता तो फुकटच्या १५ जीबीमध्येच मोजला जातो. तिथे आधीच लग्नांचे व्हिडिओ आणि सकाळच्या दुआंची चित्रं भरलेली. जागा भरली की बॅकअप थांबतो, सूचना येते, आपण ती सरकवून टाकतो. मग एक दिवस फोन विहिरीत पडतो. अँड्रॉइडवरून आयफोनवर जातानाही हा बॅकअप सरळ उघडत नाही, त्याची वेगळी पद्धत आहे. चॅटवर मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू असेल तर तेही एकदा बघा, मुलं कुठलं बटण दाबून ठेवतात कळत नाही.

फोनमध्ये व्हॉइस नोट्सचं एक वेगळं फोल्डर असतं, ते पूर्ण उचलून ठेवलं तर? ठेवा, पण एक अडचण आहे. त्यातल्या फाईलच्या नावात तारीख असते, बोलणाऱ्याचं नाव नसतं. पाच हजार फाईलींमध्ये अम्मी कुठल्या आणि दूधवाला कुठला हे कळत नाही. त्यापेक्षा चॅट उघडून हवा तो मेसेज दाबून धरा, शेअर करा, फाईल म्हणून ठेवा आणि लगेच नाव द्या: कोण, कधी, कुठून. फाईल ओपस प्रकारची असते, व्हीएलसीमध्ये वाजते. आकार अगदी लहान, दहा मिनिटांचं बोलणं एक-दोन एमबीत बसतं. म्हणजे जागा नाही ही सबब इथे चालत नाही. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरी ठेवा.

घरात मयत झाली तर दिवंगत माणसाचा फोन लगेच फॉरमॅट करू नका, आम्ही केलेली चूक ती हीच. आणि गूगल खातं दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर ते पुसून टाकण्याचा अधिकार कंपनीने २०२३ पासून नियमात ठेवला आहे, फोटोंसकट. त्या खात्यातच अशी सोय आहे की आपल्यानंतर ते कोणाच्या हाती जावं हे आपण आधी नोंदवून ठेवू शकतो. वडीलधाऱ्यांना हे सांगणं अवघड जातं, मला माहीत आहे. मी अम्मीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मरायच्या आधी पासवर्ड मागतोस?" मग हसली आणि दिला. आमच्या लग्नाची तारीख.

डब्यात काय निघालं

"घरी" लिहिलेल्या कॅसेटकडून मला फार आशा होती. वाटलं, दादी असेल. निघाली रेडिओवरची क्रिकेटची कॉमेंट्री आणि मध्येच माझाच बारीक आवाज, "टेस्टिंग, टेस्टिंग." खाली कोण होतं ते आता कधीच कळणार नाही. लाल बटण मीच दाबलं होतं.

"कुवेत, १९८८" मात्र पूर्ण निघाली, एका बाजूला सत्तावीस मिनिटं. पहिलं वाक्य सलामचं, आणि पुढचं सगळं आमच्या बोलीत. खतातल्या उर्दूत जो माणूस इतका अदबशीर वाटायचा तो इथे आंब्याच्या कलमांवरून चाचाला शिव्या घालत होता. माझ्या मुलांना त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत. दोन-तीन मिनिटं ऐकून मी रेकॉर्डिंग चालू ठेवलं आणि जोहरच्या नमाजला गेलो. जाताना फॅमिली ग्रुपवर टाकलं, "आज रात्री सगळ्यांना अब्बांचा आवाज ऐकवतो." चाळीस माणसांचा ग्रुप. आल्यावर बघतो तर हृदयांची रांग लागलेली आणि अम्मी गप्प बसलेली.

"कोणाला विचारून?" तिने एवढंच विचारलं. मी म्हटलं, "अब्बाच आहेत ना." ती म्हणाली, "त्यांनी ग्रुपला पाठवली होती काय? मला पाठवली होती."

मला हे सुचलंच नव्हतं. एवढं सगळं करताना आपण कोणाचं खत उघडतोय हा प्रश्न डोक्यात आला नाही. हल्ली एखाद्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून घरच्यांकडून पैसे उकळण्याचे प्रकारही होतात, त्यामुळे आवाज कुठे पसरवावा याचा विचार तसाही करायला हवाच. पण अम्मीचं म्हणणं ते नव्हतं.

नातीने तिला इअरफोन लावून दिले आणि ती आतल्या खोलीत गेली. दार लावलं. जवळपास पाऊण तासाने बाहेर आली, तोंड धुतलं, चहा टाकला. मग म्हणाली, सुरुवातीचं सगळ्यांना ऐकव. सासूला सलाम आहे, शेजाऱ्यांची चौकशी आहे, कोणाला किती पैसे द्यायचे ते आहे. पुढचं नाही. मी विचारलं, पुढचं म्हणजे कुठपासून?

"पंख्याचा आवाज थांबतो ना, तिथपासून. तिथे ते टेप उचलून गच्चीवर गेलेत."

ऑडॅसिटीमध्ये ती जागा न ऐकताही दिसते. पंख्याची जाड पट्टी अकराव्या मिनिटाला अचानक बारीक होते. मी तिथे कापलं. पहिला भाग रात्री ग्रुपवर टाकला. दुसरा एका पेनड्राइव्हवर घालून अम्मीला दिला, तिने तो त्याच निळ्या डब्यात ठेवला आणि डबा आता माळ्यावर नाही, तिच्या कपाटात आहे.